दोन बोटांची फट

आन्सगार श्टाइनहोफ दोन हिवाळे माझ्या गॅरेजात चाकं निवडायला येत होता. दोन हिवाळ्यांत माणसं लग्न करतात, मोडतात आणि दुसरं करून मोकळी होतात. याचं मात्र ठरत नव्हतं की रिम पाच दांड्यांची घ्यावी की जाळीची.

टायरचं हे गॅरेज माझ्या बापाने काढलं. जर्मनीत, आटेनडॉर्न गावाबाहेर, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आता मी चालवते. हाताखाली सेर्कान हा एकच मेकॅनिक, आणि तो इतका जुना झालाय की मला ‘मालकीणबाई’ म्हणतो तेव्हा त्यात आदर किती आणि टोमणा किती हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. शनिवारी आम्ही दुपारपर्यंतच उघडे असतो. आन्सगार दार उघडल्याउघडल्या यायचा, हातात बेकरीची पिशवी. त्याच्या आणि माझ्यासाठी कच्च्या खिम्याचे, वर कांदा घातलेले पाव. सेर्कान डुक्कर खात नाही म्हणून त्याच्यासाठी चीजचा. हे तो एकदाही विसरला नाही.

खाणं झालं की डिकीतून पुठ्ठ्याची चाकं बाहेर निघायची. खरंच पुठ्ठ्याची. रिमच्या मापाचे गोल कापून त्यावर त्याने चंदेरी रंगात दांड्या काढलेल्या असत. ते चिकटपट्टीने गाडीच्या चाकांवर लावायचे आणि रस्ता ओलांडून लांबून बघायचं.

“रोस्वीता, जरा बाहेर ये.”

“गिऱ्हाईक आहे.”

“बसू दे त्याला. लांबून बघायचंय.”

मग मी हात पुसत रस्त्यापलीकडे त्याच्या शेजारी जाऊन उभी राहायची. तिथे वारा मरणाचा असतो.

“कसं दिसतंय?”

“पुठ्ठ्यासारखं.”

“पुठ्ठा विसर गं. आकार बघ. आता समज गाडी अशी खाली बसली, टायर आणि मडगार्डमध्ये एक बोट राहिलं. मग?”

“मग छान दिसेल.”

“आणि काळी घेतली तर?”

“काळी रिम घेणाऱ्याला धुवायचा कंटाळा असतो. तुला धुण्याशिवाय दुसरं काम काय आहे?”

माझी जीभ अशी आहे. बोलून झाल्यावर मला वाटलं की हे जरा जास्तच झालं, पण तो हसला. “तेच म्हणतो मी,” म्हणाला. “जाळीचीच घ्यावी. धुवायला वेळ जातो.”

पुढच्या शनिवारी पुन्हा नवा पुठ्ठा. या माणसाला चाकं घ्यायची घाई नाही हे मला पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं. चाकं ठरली असती तर शनिवारचं काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला असता.

तो नळांच्या कारखान्यात होता. पॉलिश झालेले नळ दिव्याखाली फिरवून चरे शोधायचे, हे त्याचं काम. नजर तिथूनच तयार झालेली. लग्न केलं नाही. घर आईचं, ती गेल्यापासून खालच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या झडपा बंद असत आणि तो वरच्या मजल्यावर राहायचा. त्याबद्दल त्याला विचारलं तर “एकट्याला किती जागा लागते” म्हणायचा आणि गाडीवर बोलायला लागायचा.

गाडी मात्र पाच जणांची होती. निळी बीएमडब्ल्यू, चार दारांची, पळायला चाबूक. त्याला खरं म्हणजे दोन दारांची हवी होती. ती घेतली नाही याला कारण मेइनोल्फचा गुडघा.

टेकडीवरच्या हॉटेलाच्या तळघरात खुंट पाडायच्या खेळाची एक लेन होती. नऊ खुंट, लाकडी चेंडू, भिंतीवर जुन्या क्लबांचे झेंडे. तिथे एका आड एक शुक्रवारी हे चौघे जमायचे: आन्सगार, मेइनोल्फ, लुडगर आणि एगॉन. तिघे बिअर प्यायचे. आन्सगार सफरचंदाच्या रसात सोडा घालून प्यायचा, त्यामुळे नेआण त्याच्याकडे. मेइनोल्फ पुढे बसणार, कारण त्याचा गुडघा पूर्ण दुमडत नव्हता. लुडगर मागे डावीकडे, एगॉन मागे उजवीकडे. वर्षातून एकदा मोझेल नदीकाठी सहल, तीही अशीच. जागा कोणी कधी बदलली नाही. नवी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा आन्सगारने मागच्या दोघांसाठी दारं हवीत म्हणून सेडान घेतली. तिचा पहिला शुक्रवार आम्हा सगळ्यांना माहीत आहे, कारण गावातून त्याने तिघांना घेऊन तीन चकरा मारल्या होत्या.

त्याच वर्षी हॉटेलवाल्याने लेन बंद केली. तिथे आता बाकं आणि पिंपं ठेवतात. ‘दुसरीकडे कुठे लेन मिळते का बघू’ असं चौघेही म्हणाले आणि बघितलं कोणीच नाही. लुडगर उत्तरेला, समुद्राजवळ, मुलाकडे राहायला गेला. एगॉनला बहिणीच्या घरातली माणसं पुरी पडायला लागली. मेइनोल्फचा दुसरा गुडघाही गेला. भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर मिटवायला तरी कोणी आलं असतं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मीच वैतागले. म्हटलं, “आन्सगार, आज ठरव, नाहीतर मी तुझे पुठ्ठे शेगडीत घालते.” त्याने जाळीची रिम ठरवली, रुंद, जराशी बाहेर येणारी. सोबत उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन. बसवायला आम्हाला दीड दिवस लागला. शेवटी तो स्वतः स्टिअरिंगवर बसला, सेर्कान पान्याने स्प्रिंगचा आटा फिरवत गेला आणि मी मडगार्डखाली हात घालून सांगत राहिले. तीन बोटं. दोन. एक.

“बास,” आन्सगार आतून म्हणाला.

गाडी बाहेर काढली. कौतुक करायचा माझा स्वभाव नाही, पण सांगते, ती गाडी इतकी सुंदर दिसत होती की सेर्कान हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. आन्सगार रस्त्यापलीकडे गेला, वळला आणि बराच वेळ उभा राहिला. मग त्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. शेजारी कोणी नव्हतं. मी गॅरेजच्या दारातून हात हलवला.

आता राहिलं पासिंग. आमच्याकडे गाडीचा साधा स्प्रिंग बदलला तरी तपासनीसाने बघून कागदपत्रांत लिहावं लागतं. नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही. आमच्याकडे दर गुरुवारी फोग्टसाहेब येतात. चांगला माणूस आहे, पण डोळे झाकून सही करणारा नाही. नियम असा की गाडी पूर्ण भरायची, मागे माणसं, डिकीत सामान. मग एक चाक उंच रॅम्पवर चढवायचं आणि स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायचं. टायर कुठेही घासता कामा नये. माणसं कुठून आणायची म्हणून माझ्या बापाने जाड ताडपत्रीच्या लांबट गोण्या शिवून घेतल्या होत्या, आत वाळू. एका गोणीचं वजन सडपातळ माणसाएवढं. आम्ही दोन गोण्या मागच्या सीटवर ठेवल्या, डिकी भरली, आणि गाडी रॅम्पवर घेतली.

खर्रर्र. मागचं डावं चाक. मग उजवंही.

फोग्टसाहेब वाकले, टॉर्च मारला, उठले. “घासतंय. भरलेली गाडी पार चाकावर बसतेय.”

चूक मला तेव्हा दिसली. उंची ठरवली तेव्हा गाडीत एकटा आन्सगार होता. दोन वर्षं पुठ्ठे लावून बघितले तेव्हाही गाडी रिकामीच होती. मागे कोणी बसलं तर काय, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“वर उचलावी लागेल,” फोग्टसाहेब म्हणाले. “चांगली उचलावी लागेल.”

“किती?”

सेर्कानने हिशेब केला. “रिकामी असताना मागे चार बोटं राहतील.”

आन्सगारचा चेहरा उतरला. चार बोटं म्हणजे कारखान्यातून आली तशीच गाडी. मग दोन हिवाळे कशासाठी घालवले.

“दुसरा उपाय नाही?” त्याने विचारलं.

“आहे,” फोग्टसाहेब म्हणाले, “पण तो पोरं करतात, शर्यतीच्या गाड्यांना. मागची सीट आणि पट्टे काढायचे. कागदावर पाच जागांच्या ठिकाणी दोन लिहायच्या. मग मागचा भार धरायचा नाही.”

“काढा,” आन्सगार म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला की मला राग आला. “काढा काय? चार दारांची गाडी आहे ती. मागची दारं काय हवा खायला उघडणारेस?”

“मागे कोण बसतंय, रोस्वीता?”

“आज नाही बसत. उद्या कोणी आलं तर?”

“कोण?”

मी तोंड उघडलं आणि मला एक नाव सुचेना. सेर्कान उगाच गोणी झटकत बसला. फोग्टसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

सीट निघाली. कागदावर दोन लागलं. गिऱ्हाइकांची हिवाळ्याची चाकं आम्ही वरच्या माळ्यावर ठेवतो, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. तिथेच ती सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, ‘श्टाइनहोफ’ अशी चिठ्ठी लावून. शनिवारी आन्सगार पाव घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. पण आता निवडायला काही उरलं नव्हतं. पाव खाऊन झाला की तो बूट बघत बसायचा, मग “चला, धुवायचीय” म्हणून निघायचा. उन्हाळ्यात यायचा बंद झाला. रस्त्यावरून जाताना दिसायचा, जमिनीला टेकलेली निळी गाडी, आत एक डोकं. सेर्कानला चीजचा पाव स्वतः विकत आणावा लागला आणि तो रोज त्यावरून कुरकुर करायचा.

ऑक्टोबरात मेइनोल्फ गेला.

दफनाला अर्धं गाव होतं. लुडगर समुद्राकडून आगगाडीने आला होता, काठी घेऊन. एगॉन होता. आन्सगार काळ्या कोटात, एका बाजूला. दफन झालं की टेकडीवरच्या त्याच हॉटेलात कॉफी आणि बटरकेक असतो. पाऊस भुरभुरत होता, लोक गाड्यांकडे निघाले होते. लुडगरने एगॉनच्या दंडाला धरलं आणि मोठ्याने म्हणाला, “चल, आन्सगार नेईल. नेहमीसारखं.”

मी मागेच होते. तिघे निळ्या गाडीपाशी गेले. लुडगर सवयीने मागच्या डाव्या दाराकडे गेला, एगॉन उजव्या. दोघांनी दारं उघडली. आत काळा सपाट गालिचा, आणि त्यावर बादली, स्पंज आणि रिम घासायचे दोन ब्रश.

लुडगर आत बघत राहिला, जणू सीट कुठेतरी सरकली असेल आणि दिसेल.

“बसायचं कुठे?” तो म्हणाला.

“पुढे एक आहे,” आन्सगार म्हणाला. “एक जण पुढे बसा.”

पुढची जागा मेइनोल्फची. ती त्या दिवशी कोणाला नको होती. एगॉनने दार हळूच लावलं. “आम्ही बघतो दुसऱ्या कोणाबरोबर. तू हो पुढे.” मग त्याने गाडीकडे एकवार बघितलं आणि तो म्हणाला, “छान केलीस रे गाडी.” ते त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

दोघे माझ्या गाडीतून आले. लुडगर रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होता.

दुसऱ्याच दिवशी गॅरेज उघडायच्या आधी आन्सगार दारात उभा. पाव नव्हते.

“सीट बसव. गाडी वर उचल.”

“चार बोटं?”

“फोग्ट म्हणेल तितकी.” तो जरा थांबला. “मेइनोल्फ गेल्याला सहा आठवडे झाले की त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा आहे. लुडगर येतो म्हणालाय. एगॉन इथेच आहे. तोवर व्हायला पाहिजे.”

झालं. सेर्कानने माळ्यावरून सीट उतरवली, पट्टे लावले, आटे उलटे फिरवले. गोण्या ठेवून रॅम्पवर घेतली तर आवाज नाही. फोग्टसाहेबांनी पुन्हा पाच लिहिलं आणि एक अक्षर विचारलं नाही. गोण्या आत होत्या तोवर गाडी मागून दोन बोटांवर बसली होती आणि खरं तर फार देखणी दिसत होती. गोण्या काढल्या तशी ती मागून उठून उभी राहिली. आन्सगारने ते पाहिलं. “भरली की बसेल,” म्हणाला.

मिस्सा शनिवारी संध्याकाळी होती. चर्चबाहेर त्याने गाडी अगदी पायऱ्यांसमोर लावली होती, धुऊन पुसून. आत गेलो तेव्हा लुडगरची जागा रिकामी. त्याने सकाळीच फोन केला होता, असं मला नंतर समजलं: मुलगा म्हणतो, या थंडीत एवढा प्रवास नको. मिस्सा संपल्यावर आन्सगार घाईने बाहेर आला आणि मागचं उजवं दार उघडून उभा राहिला.

एगॉन पायऱ्या उतरला. “अरे, आन्सगार. सीट बसवलीस?”

“बसवली.”

“आधी सांगायचंस ना. भाचा आलाय न्यायला, तिकडे लावलीय बघ गाडी. पुढच्या वेळी नक्की.”

“पुढच्या वेळी,” आन्सगार म्हणाला.

पुढची वेळ कशाची, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. एगॉनच्या भाच्याने हॉर्न दिला. आन्सगारने दार लावलं, दुसऱ्या बाजूला जाऊन तेही नीट लागलंय का बघितलं आणि एकटाच गेला. मागून गाडी उंच, रिकामी दिसत होती. मी त्याला हाक मारायला हवी होती, पण हाक मारून काय सांगायचं ते सुचेपर्यंत तो वळणापलीकडे गेला होता. घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

त्यानंतरच्या शनिवारी मी टायर मोजत होते तेव्हा बाहेर गाडी थांबली. आन्सगार पिशवी घेऊन उतरला. मी सहज बघितलं आणि माझा हात थांबला. गाडी बसली होती. मागून अगदी जमिनीजवळ, सुरेख, हवी तशी.

“पुन्हा खाली केलीस? कुठे केलीस? फोग्टने पकडलं तर मी ओळख देणार नाही.”

“हात लावलेला नाही,” तो म्हणाला. “रिकामी असली की मागून उंच दिसते. बघवत नाही.”

मी जाऊन काचेतून आत बघितलं. मागच्या सीटवर दोन लांबट गोण्या बसवलेल्या होत्या. माझ्या नव्हत्या, त्याने स्वतः शिवल्या होत्या, टाके नळ तपासणाऱ्याचे, एकही वाकडा नाही. दोन्ही गोण्यांना पट्टे लावले होते.

“पट्टे कशाला?”

“ब्रेक मारला तर पुढे येतील.”

सेर्कान बाहेर आला, त्याने वाकून बघितलं. थट्टा केल्याशिवाय त्याला कधी राहवलंय? “नावं ठेवलीत की नाही, श्टाइनहोफसाहेब?”

“डावीकडचा लुडगर,” आन्सगार म्हणाला. “जास्त जागा घेतो.”

सेर्कान मोठ्याने हसला. आन्सगारही हसला. मीही हसायला लागले आणि मग माझं हसू मध्येच अडलं. रडायला आमच्याकडे शनिवारी वेळ नसतो.

“आणि पुढे?” सेर्कानने पुढच्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. “तिथेही एक ठेवा. गाडी पुढून पण बसेल.”

“नाही,” आन्सगार म्हणाला. “ती मेइनोल्फची आहे. तिथे गोणी ठेवायची नसते.”

हे त्याने नियम सांगावा तसं सांगितलं, आणि सेर्कानचं हसू थांबलं. आन्सगारने त्याच्या हातात चीजचा पाव दिला. मी मागच्या चाकापाशी खाली बसले आणि टायर आणि मडगार्डमध्ये हात घातला.

“किती?” त्याने विचारलं.

“दोन बोटं,” मी म्हटलं.